रडण्याआधी

धप् असा एक आवाज झाला आणि त्याच्या मागून कोणताच आवाज आला नाही. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. पाळणाघराच्या मोठ्या खोलीत, मुलांचे पेले बुटक्या टेबलावर ओळीने मांडून, ज्याला सगळे काका म्हणत तो छपन्न वर्षांचा गृहस्थ त्यांत जगमधून पाणी ओतीत होता. सातवा पेला भरत आला होता. खिडकीखालच्या बाकावर उभी राहून बाहेर पाहणारी तीन वर्षांची गुंडी (मांडीवर घेणाऱ्याच्या सदऱ्याची गुंडी पिळत बसण्याच्या सवयीवरून तिला ते नाव पडले होते) पाठमोरी खाली आली आणि तिच्या डोक्याचा मागचा भाग फरशीवर आपटला. हे त्याने पाहिले. पुरते पाहिले असे म्हणता येणार नाही, कारण अर्धे लक्ष पेल्याच्या काठाकडे होते. तथापि जे दिसले ते असे, की ती उताणी पडली होती, तिचे डोळे उघडे होते, आणि त्या डोळ्यांत ती नव्हती. घराचे दार सताड उघडे असावे, आत दिवा लागलेला असावा, आणि कितीही हाका मारल्या तरी कोणी ओ देऊ नये, तसे ते डोळे होते. मग ती रडली. घसा फाटेल अशी रडली. त्या रडण्यासरशी व्हरांड्यात फोनवर बोलत असलेली ताई धावत आत आली, पाठोपाठ आपल्या कचेरीच्या खोलीतून चष्मा सावरीत बाई आल्या, दोन मुले नुसतीच साथ म्हणून रडू लागली, आणि त्या सकाळची ती घटना सर्वांच्या लेखी रडण्यापासून सुरू झाली. एकट्या त्याच्या लेखी ती त्याच्या आधीच सुरू झाली होती.

"अगं बाई, केवढं हे टेंगूळ!" ताईने गुंडीला त्याच्या हातांतून जवळजवळ ओढूनच घेतले. "काका, कुठून पडली? बाकावरून? तरी मी म्हणत होते, तो बाक तिथनं हलवा, हलवा. माझं कोण ऐकतंय!"

बाईंनी बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळली. पाळणाघर त्यांचे स्वतःचे. एकवीस वर्षे त्यांनी ते चालविले होते आणि एकवीस वर्षांत त्यांचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता. त्यांनी गुंडीच्या डोळ्यांसमोर बोट धरून ते इकडून तिकडे नेले, ते बोट गुंडीने रडता रडता पकडले, आणि मग बाईंनी विचारले, "पडल्याबरोबर रडली ना?"

"हो, लगेच," तो म्हणाला.

"मग बरं. रडलं ते वाचलं, असं माझी आई म्हणायची."

हा 'लगेच' त्याच्या तोंडून कसा निघाला, याचा विचार करण्यास त्याला तेव्हा सवड नव्हती. शब्द कधी कधी पाळीव जनावरासारखे असतात. दार उघडे दिसले की नेहमीच्या वाटेने आपले आपण बाहेर पडतात. नोंदवही लिहिण्याचे काम त्याच्याकडे होते, कारण त्याचे अक्षर चांगले होते. पूर्वी एका शाळेत तो शिपाई होता आणि शाळा बंद पडेपर्यंत फळ्यावरचा सुविचार रोज तोच लिहीत असे. स्वतःचे शिक्षण सातवीवर अडले होते, पण अक्षर मात्र पदवीधराचे, असे हेडमास्तर म्हणत. अपघाताच्या नोंदवहीत प्रत्येक पानावर एका मुलाची नुसती आकृती छापलेली असते, एक समोरून आणि एक पाठीमागून. तिला नाक नाही, डोळे नाहीत, केस नाहीत. जिथे लागले असेल तिथे फुली मारायची. त्याने पाठमोऱ्या आकृतीच्या डोक्यावर एक लहानशी फुली मारली. वेळ: अकरा वीस. इजा: टेंगूळ, किरकोळ. केलेला उपाय: ताबडतोब उचलले, बर्फ लावला. 'ताबडतोब' हा शब्द लिहिताना त्याने वेलांटी किंवा उकार नसलेला तो साधा शब्द फार सावकाश, एकेक अक्षर वळवून लिहिला, आणि लिहून झाल्यावर त्याला उगीचच तहान लागली.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस निरीक्षण कार्यालयाकडून आलेला नियमांचा कागद चिकटविलेला होता. चादरी काढण्यासाठी दिवसातून चार वेळा ते दार उघडावे लागे, त्यामुळे तो कागद सर्वांना दिसत असे आणि म्हणूनच कोणी वाचीत नसे. त्या दुपारी झोपेच्या वेळेस चादरी काढताना त्याने तो वाचला. किरकोळ दुखापत नोंदवहीत लिहावी व पालकांची सही घ्यावी. गंभीर दुखापत चोवीस तासांच्या आत कार्यालयास कळवावी. गंभीर म्हणजे काय, त्याची खाली यादी होती: हाड मोडणे, टाके पडणे, भाजणे, आणि चौथ्या क्रमांकावर, शुद्ध हरपणे, मग ती क्षणभर का असेना. हे 'मग ती क्षणभर का असेना' कोणी लिहिले असेल? कोणत्या तरी कचेरीत, कोणत्या तरी टेबलाशी बसून, कोणी तरी माणूस थांबला असेल आणि त्याला वाटले असेल की नुसते 'शुद्ध हरपणे' म्हटले तर लोक पळवाट काढतील. म्हणून त्याने ती फट बुजविली. त्या न पाहिलेल्या माणसाचा त्याला राग आला, आणि लगेच, एखाद्या वडीलधाऱ्या माणसावर रागावल्यावर वाटते तशी, त्या रागाची लाजही वाटली.

मुले झोपली. ताई भिंतीला टेकून फोनवर बोटे चालवीत होती. तिचा दोन वर्षांचा मुलगा तापाने शेजारणीकडे पडला होता, आणि सकाळचा तो फोन शेजारणीचाच होता. "उतरतोय म्हणते," ती हलकेच म्हणाली. "काका, तुम्ही तिच्यापाशीच काय बसून राहिलात? पाठ दुखेल." तो गुंडीच्या गादीशेजारी बसला होता आणि आपले बोट त्याने तिच्या नाकाखाली धरले होते. श्वास येत होता, जात होता. ऊन ऊन, दुधाचा वास असलेला. वस्तुतः त्याने तिला झोपू द्यायला नको होते, असे त्याला कुठे तरी ऐकल्याचे आठवत होते. परंतु साडेबाराला मुले झोपतात. घड्याळाने झोपतात, घड्याळाने उठतात. त्या घरातला सर्वांत मोठा माणूस घड्याळच होता.

आणि तिथे, तिचा श्वास बोटावर मोजीत बसला असताना, जी गोष्ट तो सकाळपासून ओलांडून जात होता तिच्यात त्याचा पाय अडकला. ती अशी. चार वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्याच दिवशी, बाईंनी त्याला पाळणाघराची पहिली विद्या शिकविली होती: मूल पडले की धावायचे नाही. हाय नाही, हुय नाही. चेहरा हलू द्यायचा नाही. 'काही नाही झालं हं' म्हणायचे आणि जागेवर थांबायचे. मूल आधी फरशीकडे पाहत नाही, आपल्या तोंडाकडे पाहते, आणि आपल्या तोंडावर जे दिसेल ते त्याला होते. तुम्ही घाबरलात की ते रडले; तुम्ही हसलात की ते उठून चालू लागले. ही विद्या खरी होती. दिवसातून दहा वेळा तिचा पडताळा येई. नवीन येणाऱ्या आया त्याचे हे स्थिर उभे राहणे पाहून थक्क होत. आणि खरे सांगायचे तर ज्या घरात पुरुष माणूस म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक आई-बाप त्याच्याकडे एक नजर जास्त टाकीत, त्या घरात ही एकच कला त्याला सर्वांहून उत्तम साधली होती. आज सकाळीही त्याने तेच केले होते. हातात जग धरून तो जागेवर थांबला होता. तीन पावलांवर. 'काही नाही झालं हं,' असे तो म्हणालादेखील होता. आणि तिने आवाज केला नाही तेव्हा त्याच्या मनात जे आले होते ते आता त्या अंधाऱ्या खोलीत त्याच्यासमोर येऊन बसले: त्याच्या मनात आले होते, शाबास, रडली नाही.

किती वेळ? तीन सेकंद, त्याने स्वतःस सांगितले. तीनच. तीन म्हणजे काहीच नव्हे. तीनात कोणी शिंकही पुरी करीत नाही.

पाच वाजता गुंडीची आई आली. ती चपलांच्या दुकानात दिवसभर उभी राहून लोकांच्या पायांत चपला घालीत असे आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांवर तिचा भरवसा उरत नसे. आल्या आल्या ती दारातल्या बुटक्या स्टुलावर बसली. ताईने टेंगूळ दाखविले, हसून, गालाला हात लावून, जसे दाखवितात तसे. "बाकावरून उडी मारायला निघाली होती राणी. बर्फ लावलाय. जेवली, झोपली, सगळं व्यवस्थित." आईने फुंकर घातली, वहीत सही केली. त्याने गुंडीचे बूट हातात धरले होते. बुटाची पट्टी लावताना तो खाली वाकलेला होता, त्यामुळे कोणाच्या तोंडाकडे पाहण्याचा प्रश्न आला नाही. "काकांना टाटा कर," आई म्हणाली. गुंडीने टाटा केला. 'ती गप्प होती' हे तीन शब्दांचे वाक्य त्याच्या दाताशी येऊन उभे राहिले आणि तिथेच बसले, ते बसलेच.

घरी, म्हणजे त्याच्या एका खोलीत, दोन खुर्च्या होत्या. बायको जाऊन सहा वर्षे झाली होती; मूल झाले नव्हते. कोणी विचारले की काय हो, मुलं किती, तर 'पटावर अकरा, हजर नऊ' असे उत्तर तो देई आणि विचारणारा हसे. त्या दोन खुर्च्यांवर तो एक दिवसाआड बसत असे, एक झिजावी आणि दुसरी कोरी राहावी हे बरे दिसत नाही म्हणून. त्या संध्याकाळी तो कोणत्या खुर्चीचा वार आहे हेच विसरला आणि उभाच राहिला. शेजारच्या भिंतीपलीकडे कोणी तरी भांडी घाशीत होते. खाली रस्त्यावर एका माणसाने दुसऱ्याला हाक मारली, दुसऱ्याने ओ दिली. ओ देणारे कोणी असले की जगात किती तरी गोष्टी आपोआप होतात, असे त्याला वाटले. एखादी बायको असती तर तिने एव्हाना विचारले असते, आज तोंड का असं? मग तो म्हणाला असता, काही नाही. आणि तिने जेवण वाढता वाढता पुन्हा विचारले असते. आणि तिसऱ्या वेळी त्याने सांगितले असते. आता पहिल्यांदा विचारणाराही तोच आणि काही नाही म्हणणाराही तोच, त्यामुळे गोष्ट तिसऱ्या वेळेपर्यंत पोहोचतच नव्हती.

मग धाकटी बहीण आली. खरोखरीची नव्हे, ती दूर दुसऱ्या शहरात होती, तिला आता नातू होता. आली ती पाच वर्षांची, माळ्याच्या शिडीवर चढलेली. तो नऊ वर्षांचा, शिडी धरून खाली उभा. शिडी त्याने सोडली होती, दोन्ही हातांनी नाक पुसण्यासाठी की कशासाठी ते आता आठवत नाही. ती पडली आणि बराच वेळ गप्प राहिली. वडील बाहेरून आले तोवर ती उठून बसली होती आणि भुकेली होती. "काही झालं नाही ना? मग उगाच गावभर करू नकोस. घरातली गोष्ट घरात," वडील म्हणाले होते, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती, त्यांना आणखी एक गोष्ट नको होती. पुढे दोन वर्षांनी तिच्या शाळेतल्या बाई म्हणू लागल्या की हिला डाव्या बाजूने हाक ऐकू जात नाही. थंडी, कानाचा मळ, जन्माचेच असेल, अशी पुष्कळ कारणे निघाली. शिडीचे नाव कोणी काढले नाही; वडिलांनीही नाही, आणि इतरांना शिडी ठाऊकच नव्हती. वडिलांखेरीज या दोघांनाच ठाऊक होती. त्यांतल्या बहिणीला ती आठवत नव्हती. आजदेखील फोनवर बोलताना ती मध्येच 'थांब हं, कान बदलते' म्हणते, आणि दर वेळी तो थांबतो, आणि ती कान बदलून परत येईपर्यंतचे ते दोन क्षण त्याला फोन खाली ठेवून पळून जावेसे वाटते. शिडीमुळेच तसे झाले, असे तो शपथेवर सांगू शकला नसता. नसेलही झाले. पण जे सांगितलेच नाही, ते नव्हते असे तरी कोणी कसे म्हणावे?

दुसऱ्या दिवशी तो सर्वांच्या आधी पोहोचला. साडेआठ वाजले, नऊ वाजले. मुले येत होती, बूट निघत होते, जुळ्या बहिणींपैकी धाकटी नेहमीप्रमाणे दारातच बसकण मारून आईला सोडीत नव्हती. गुंडी आली नाही. सव्वानऊ. साडेनऊ. दरवेळी दार वाजले की तो हातातला पेला खाली ठेवून दाराशी जाई.

"अहो, सर्दीबिर्दी असेल," ताई म्हणाली. "तुम्ही काय दाराशी वरातीची वाट बघताय!"

तेव्हा त्याने तिला सांगितले. खालच्या आवाजात, पेले पुसता पुसता. रडण्याआधी ती गप्प होती. डोळे उघडे होते आणि तिथे कोणी नव्हते. ताईच्या हातातला फडका थांबला.

"म्हणजे किती वेळ?"

"तीन सेकंद."

"तीन?" तिने श्वास सोडला. "काका, तीन सेकंद मीसुद्धा रोज असते तशी. सकाळी उठल्यावर. तीन सेकंदांचं काय घेऊन बसलात? मूल पडलं की आधी श्वास अडकतो, मग रडतं. सगळ्यांचंच."

"श्वास अडकला की तोंड उघडतं, चेहरा वाकडा होतो. तिचा चेहरा वाकडा नव्हता. चेहराच नव्हता."

"कळवणार आहात?" तिला सर्व समजले होते. खोलीत सदैव दोन मोठी माणसे हवीत, हा त्याच कागदावरचा दुसरा नियम होता. "कळवताना लिहावं लागेल, मी कुठे होते ते. मला कामाला लागून चार महिने झालेत. सहा झाल्याशिवाय कायम करत नाहीत. माझा पोरगा तापानं फणफणला होता, काका, मी काय बाहेर गप्पा मारत होते? तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं."

"मग?" ती थांबली आणि मग तिने जे म्हटले ते तिलाही म्हणायचे नसावे. "तुमच्या घरी कुणी नाही म्हणून तुम्हाला परवडतं हे."

त्याला राग आला नाही. उलट, कोणी तरी आपले घर आत येऊन पाहिले, असे त्याला वाटले.

बाईंनी त्याचे सारे ऐकून घेतले आणि कचेरीचे दार लोटले. त्यांचा आवाज तसाच, न चढलेला. "एकच सांगा. तुम्ही पाहिलंत, की रात्रभर विचार करून तुम्हाला दिसायला लागलं? दोन्ही होतं माणसाला. मला स्वतःला झालंय."

"पाहिलं."

"काल लगेच म्हणालात."

"काल चुकलो."

बाईंनी टेबलाचा खण उघडला. "हे घर बंद करायचं म्हटलं तर ते एका कागदानं करतील. करणार नाहीत बहुतेक, पण करतील तर एका कागदानं." मग त्यांनी खणातून फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला, पुढे सरकविला नाही, नुसता ठेवला. "ज्यानं पाहिलं त्यानं लिहावं. मी पाहिलं नाही, मी सही करीन. पण आधी तिच्या आईला फोन करा. कार्यालयाला आपल्याआधी आईकडून कळलेलं बरं नाही, आणि आईला कार्यालयाकडून कळलेलं तर त्याहून बरं नाही."

फोन उचलायला फार वेळ लागला. आईचा आवाज झोपाळू होता. आज सुट्टीचा वार आहे, गुंडी उशिरापर्यंत झोपली, आता कुठे उठतेय. त्याने सांगितले. काल जे तीन शब्दांत बसले असते ते आज पुष्कळ वाक्ये खाऊन गेले. मग आई म्हणाली, "पहाटे तिनं दूध उलटून टाकलं. मला वाटलं, गार होतं म्हणून." आणि मग, अगदी हळू, "काल का नाही सांगितलंत? मी समोर बसले होते की तुमच्या." फोन ठेवला गेला. तसले प्रश्न नुसते राहायला येतात.

अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याने फॉर्म पुरा केला. शुद्ध हरपली काय: होय. किती वेळ: सुमारे तीन सेकंद. खोलीत उपस्थित कर्मचारी: एक. इथे त्याचा हात अडखळला, पण त्याने ते लिहिले. केलेला उपाय, या ओळीशी आल्यावर त्याने नोंदवही उघडली आणि तिच्यात होते तेच, तशाच वळणदार अक्षरात, उतरवून काढले. ताबडतोब उचलले. ताईविषयी खरे लिहायला त्याला पेनची एक अडखळ पुरली होती. स्वतःविषयी खोटे लिहायला तेवढीदेखील लागली नाही. दुपारी आईचा निरोप आला की डॉक्टरांनी गुंडीला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवले आहे, आणि संध्याकाळी दुसरा आला, की घरी सोडले, घाबरण्याजोगे काही नाही, आठवडाभर मात्र तिला घरीच ठेवणार. ताईने तो निरोप ऐकला आणि हात जोडल्यासारखे करून छताकडे पाहिले, पण त्याच्याकडे पाहिले नाही.

त्यानंतर नऊ दिवस ताई त्याच्याशी बोलली नाही. भांडण नव्हे. कामापुरते बोलणे मुलांच्या मार्फत होई: "जा, काकांना सांग, साबण संपला." ती आपला डबा आता व्हरांड्यात खाऊ लागली. पूर्वी ती त्याला रोज आपल्या मुलाच्या लीला सांगे, किती दात आले, कोणाला चावला. दिवसातले पंधरा मिनिटांचे ते बोलणे म्हणजेच आपला संसार होता, हे त्याला आता, ते बंद पडल्यावर, कळले. बाक खिडकीखालून हलविला गेला. त्या जागी फरशीचा चौकोन जरा उजळ दिसे, आणि तो त्यावरून कधी चालत नसे, वळसा घाली. जगमधून पाणी ओतताना तो आता पेल्याकडे न पाहता ओती. त्यामुळे टेबल रोज ओले होई आणि ताई काही न बोलता ते पुसून घेई.

दहाव्या दिवशी निरीक्षण कार्यालयाच्या बाई आल्या. सडपातळ, पन्नाशीच्या, पायांत आवाज न करणारे बूट. त्यांनी बाकाची उंची मोजली, कपाटाच्या दारावरचा कागद पाहिला, ताईला बाजूस घेऊन दोन-चार प्रश्न विचारले. ताईला लेखी समज मिळेल, याहून अधिक काही नाही, असे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले. पुढे मूल आजारी असेल तर मालकीणबाईंना बोलवायचे, खोली सोडायची नाही. ताई 'हो' म्हणाली आणि तिने नाक ओढले. मग निरीक्षकबाई त्याच्याकडे वळल्या.

"तीन सेकंद लिहिलंय तुम्ही."

"होय."

"आकडा राहू द्या. मला करून दाखवा. तुम्ही कुठे होतात, काय करत होतात. पडली तिथून सुरुवात, रडली तिथे शेवट."

बाई दारात उभ्या होत्या. ताई मुलांना घेऊन भिंतीशी बसली होती. मुलांना वाटले, काका काही तरी खेळ करून दाखविणार, म्हणून ती गप्प झाली. त्याने जग उचलला. टेबलापाशी उभा राहिला. तीन पावलांवर तो उजळ चौकोन होता. "पडली," तो म्हणाला. आणि मग तो तिथे गेला; म्हणजे जागेवरून हलला नाही, पण गेला. सातवा पेला. पाणी काठाला आले आहे. 'काही नाही झालं हं.' तिचा एक हात पोटावर, एक बाजूला, तळवा वर. छताचा पंखा तिच्या डोळ्यांत फिरतो आहे आणि ती तो पाहत नाही. शाबास, रडली नाही. पाणी ओतणे थांबविले आहे का? थांबविले आहे. जग जड आहे. हिची पापणी का हलत नाही? धावायचे नाही. चेहरा हलू द्यायचा नाही. खिडकीबाहेर एक सायकल जाते, तिची घंटा वाजते. ताईचा आवाज व्हरांड्यात, 'कपाळावर पट्टी ठेव गं.' आता उठेल. आता माझ्याकडे पाहील. तिने पाहावे म्हणून मी हसतो आहे. मी हसतो आहे आणि ती पाहत नाही. जग टेबलावर ठेवावा. कुठे ठेवू, जागा नाही, पेले आहेत.

"रडली," तो म्हणाला.

निरीक्षकबाईंनी घड्याळावरून नजर उचलली. "सतरा."

त्याने जग टेबलावर ठेवला.

"बहुतेकांचं वाढतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात समजूत घालण्याचा भाग किती आणि सवयीचा किती हे कळत नव्हते. "त्याच क्षणात पुनःपुन्हा राहिलं की तो मोठा होतो. तेव्हा सतराच होते असं मी म्हणत नाही. तीन होते असंही म्हणत नाही. पण इथे ताबडतोब उचललं असं लिहिलंय."

"नाही उचललं."

"कुणी अडवलं होतं?"

"नाही. मी उभा होतो. आमच्यात धावत नाहीत." हे वाक्य किती विपरीत ऐकू येते, हे त्याला ऐकल्यावर कळले. "मूल घाबरू नये म्हणून थांबतात. मी थांबलो. मला वाटलं, शहाणी आहे, रडत नाही. मी हसत होतो."

बाईंनी दाराच्या चौकटीला हात लावला. ती विद्या त्यांची होती.

निरीक्षकबाईंनी फॉर्म आणि पेन त्याच्यापुढे धरले. "मी खोडत नाही. तुम्ही खोडा, आणि शेजारी सही करा." त्याने 'ताबडतोब' वर एक रेघ मारली. ती सरळ आली नाही. इतक्या वर्षांत त्याच्या हातून निघालेली ती पहिलीच वाकडी रेघ असावी. किती वेळ, या ओळीपुढे त्याने लिहिले: मला ठाऊक नाही, पुष्कळ.

त्या गेल्या. बाई त्यांना फाटकापर्यंत पोहोचवायला गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. मुले अंगणात सुटली. ताई पायरीवर, तो दाराशी. दोघांमध्ये एका माणसाची जागा. गुंडी सोमवारपासून येणार असा निरोप सकाळीच आला होता, तिच्या आईने अर्धाच दिवस असे म्हटले होते, आणि बूट मी स्वतः घालीन असेही. ते त्याला रास्त वाटले. ते रास्त वाटणे आणि ते सोसणे या दोन निरनिराळ्या खोल्या होत्या, आणि तो दोहोंच्या मधल्या उंबऱ्यावर होता.

जुळ्यांपैकी धाकटी धावता धावता स्वतःच्याच पायात अडकून पालथी पडली. मऊ मातीवर, अगदी साधी, दिवसातून दहा वेळा पडतात तशी. "काही नाही झालं—" ताईच्या तोंडून निघाले आणि मध्येच तुटले. तो आधीच निघाला होता. धावत. छपन्न वर्षांचे गुडघे, एक चप्पल वाटेत निघाली. तो तिच्याजवळ मातीत बसला, तिला उताणे केले, तिचे तोंड दोन्ही हातांत धरले. तिला काहीच लागले नव्हते. ती हसणारच होती. तेवढ्यात तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि तिथे तिला जे दिसले त्याने तिचे ओठ थरथरले, हनुवटी वळली, आणि तिने भोकाड पसरले.

"बघा," ताई मागून म्हणाली. नऊ दिवसांतले ते तिचे पहिले बोलणे. "तुम्ही धावलात म्हणून रडली ती."

"रडू दे," तो म्हणाला, आणि तिला छातीशी धरून तो ते रडणे ऐकत बसला.